काचेवरचा तडा आणि विम्याचा हिशेब

अहेरी, आलापल्ली, एटापल्ली या परिसरातील व्यापाऱ्याला रस्ता हा दुकानाइतकाच महत्त्वाचा. किराणा असो, कापड असो वा शेतीची औषधे, माल येतो तो चंद्रपूरहून किंवा नागपूरहून. अहेरीपासून चंद्रपूर शंभर किलोमीटरहून अधिक, तर नागपूर अडीचशेच्याही पुढे. आलापल्लीच्या सागवनातून निघालेला रस्ता आष्टीजवळ वैनगंगा ओलांडतो आणि गोंडपिपरीमार्गे चंद्रपूरला पोहोचतो. खरेदी, बँक, दवाखाना, लग्नकार्य, मुलांचे वसतिगृह, सर्व काही याच वाटेवर अवलंबून असते. सूरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक सुरू झाल्यापासून या वाटेवर अवजड ट्रकांची रांग असते. उखडलेल्या डांबरातील खडी त्यांच्या चाकांखालून उडते आणि मागून येणाऱ्या मोटारीच्या समोरच्या काचेवर आदळते. ‘टक्’ असा एक आवाज होतो आणि काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी खूण उमटते.

त्या क्षणी कोणी गाडी थांबवत नाही. खूण लहान असते, घर लांब असते. पुढच्या आठवड्यात मात्र एखाद्या दुपारी, ऊन डोक्यावर असताना, वातानुकूलन सुरू करताच त्या दाण्यातून एक रेघ निघते आणि पाहता पाहता काचेच्या कडेपर्यंत जाते. मग घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. काच बदलावी की चालवून घ्यावी? आणि विमा आहे, तर पैसे मागावेत की नाही? पहिला प्रश्न जिवाशी निगडित आहे, दुसरा हिशेबाशी. व्यापारी कुटुंबात हिशेबाची सवय रक्तातच असते; तरीही या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा अंदाजाने दिले जाते आणि तेथेच नुकसान होते.

समोरची काच वेगळी का असते

मोटारीच्या सर्व काचा एका जातीच्या नसतात. बाजूच्या आणि बहुधा मागच्या काचा तापवून कठीण केलेल्या असतात. त्या फुटल्या की त्यांचे बारीक, बोथट कण होतात. समोरची काच मात्र दुहेरी असते. दोन पातळ काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक पारदर्शक पडदा दाबून बसवलेला असतो. धक्का बसल्यास काच तडकते, परंतु तुकडे त्या पडद्याला चिकटून राहतात आणि डोळ्यांत, चेहऱ्यावर उडत नाहीत.

या शोधाची कथा मनोरंजक आहे. एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत १९०३ मध्ये एक चंबू खाली पडला. तो तडकला, पण विखुरला नाही. आत पूर्वी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या द्रावणाचा पातळ थर वाळून काचेला चिकटला होता. त्यावरून त्याने दोन काचांमध्ये थर घालण्याची पद्धत बसवली आणि १९०९ मध्ये तिचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या काचांसाठी ती वापरली गेली. पुढे १९३० च्या दशकात अधिक टिकाऊ प्लॅस्टिकचा थर आला आणि मोटारीची काच आजच्या रूपात आली. भारतातही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी मोटारीच्या काचांसाठी सुरक्षित काच आवश्यक ठरवली. याच नियमांत समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे म्हटले आहे. उन्हापासून बचाव म्हणून काचेवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली, ती याच नियमाच्या आधारे.

समोरची काच केवळ वारा अडवत नाही. ती गाडीच्या सांगाड्याला विशिष्ट चिकटद्रव्याने घट्ट जोडलेली असते. गाडी उलटल्यास छताचा भार पेलण्यास ती हातभार लावते. अनेक गाड्यांमध्ये शेजारच्या आसनासमोरची एअरबॅग उघडते ती याच काचेचा आधार घेऊन. म्हणून कडेपर्यंत गेलेला तडा हा सौंदर्याचा प्रश्न नव्हे. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश तड्यावर पडला की तो फाकतो, आणि जंगलातल्या रस्त्यावर तेवढ्या क्षणात समोरचे जनावर किंवा सायकलस्वार दिसेनासा होतो.

तडा गेल्यावरचा पहिला तास

खडा लागताच करावयाची कामे थोडी आहेत, पण ती त्याच वेळी करायला हवीत. सुरक्षित जागी गाडी थांबवून खुणेची छायाचित्रे घ्यावीत. एक जवळून, एक संपूर्ण काचेचे आणि एक गाडीचा क्रमांक दिसेल असे. ठिकाण आणि वेळ लिहून ठेवावी. खूण बाहेरून कोरड्या कापडाने हलकेच पुसून तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. धूळ आणि पाणी आत गेले की दुरुस्ती नीट होत नाही. पट्टी चालकाच्या दृष्टीआड येत असेल तर ती लहानच ठेवावी.

त्यानंतर काचेला तापमानाचा धक्का बसू देऊ नये. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणे किंवा वातानुकूलनाचा थंड झोत सरळ काचेवर सोडणे म्हणजे तड्याला वाट करून देणे होय. सर्व खिडक्या बंद ठेवून दार जोरात आपटल्यानेही आतील हवेचा दाब काचेवर येतो. गाडी सावलीत ठेवावी, खड्ड्यांतून सावकाश न्यावी आणि पुढच्या ट्रकपासून अंतर राखावे.

खूण नाण्याएवढी किंवा त्याहून लहान असेल, चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल आणि काचेच्या कडेपासून दूर असेल, तर ती बहुधा दुरुस्त होते. कारागीर त्या पोकळीतील हवा काढून तिच्यात पातळ राळ भरतो आणि अतिनील प्रकाशाने ती घट्ट करतो. खूण पूर्ण नाहीशी होत नाही, परंतु तडा पुढे सरकणे थांबते. ही सोय मोठ्या शहरांतच सहज मिळते. म्हणून अहेरीकराने चंद्रपूर-नागपूरच्या पुढच्या फेरीपर्यंत खूण झाकून ठेवणे आणि त्या फेरीत ते काम आधी उरकणे हेच शहाणपणाचे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, तसे रस्ते बंद झाले तर लहान खूण महिनाभर पडून राहते आणि तिची काच बदलण्याएवढी चीर होते.

काच बदलावीच लागली तर एक गोष्ट विचारून घ्यावी. नवी काच चिकटवल्यावर ती पक्की होण्यास काही तास लागतात. कारागीर सांगेल तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये, मग परतीचा प्रवास कितीही लांबचा असो. ज्या गाड्यांत काचेच्या मागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असतो, त्यांत काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्याचा खर्च अंदाजपत्रकातच लिहून घ्यावा.

जोखीम वाटून घेण्याची जुनी रीत

विम्याची कल्पना व्यापारी समाजाला परकी नाही. समुद्रमार्गे माल पाठवण्याच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर ‘जोखमी हुंडी’ चालत असे. माल पाठवणारा ही हुंडी विकून आधीच रोकड उभी करी. माल सुखरूप पोहोचला तरच हुंडी विकत घेणाऱ्याला तिचे पैसे मिळत; गलबत बुडाले तर नुकसान त्याचे. त्या जोखमीची किंमत हुंडीच्या दरातच धरलेली असे. कर्ज, हुंडणावळ आणि विमा एकाच कागदावर नांदत होते. त्या व्यवहाराचा पाया होता विश्वास, आणि कागदावर काय लिहिले आहे याची दोन्ही बाजूंना असलेली अचूक जाण. आजच्या पॉलिसीबाबत पहिली गोष्ट कंपनीकडे मागता येते. दुसरी मात्र आपली आपणच मिळवावी लागते.

पॉलिसीत काय असते, काय नसते

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान त्यातून भरून निघते. आपली स्वतःची काच त्यात येत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ‘ओन डॅमेज’चा विमा हवा. येथे अनेक कुटुंबांची एक गफलत होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तृतीय पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. कागदावर तीन वर्षांची तारीख पाहून घरातील मंडळी निर्धास्त राहतात. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि तो कधीच संपून गेलेला असतो. तारखा दोन असतात; दोन्ही पाहाव्यात.

ओन डॅमेजमध्ये बाह्य कारणाने झालेला अपघात येतो. उडालेला खडा हा त्यातच मोडतो. दंगल, संप, हेतुपुरस्सर केलेली मोडतोड, दहशतवादी कृत्य, पूर, वादळ, दरड कोसळणे हेही त्यात असते. त्यामुळे बंदच्या दिवशी झालेल्या दगडफेकीत काच फुटली तरी दावा करता येतो. मात्र अशा वेळी पोलिसांत नोंद करून तिची प्रत घ्यावी. नुसती झीज किंवा यांत्रिक बिघाड विम्यात बसत नाही. म्हणूनच खडा लागला त्याच वेळचे छायाचित्र मोलाचे ठरते.

घसाऱ्याच्या बाबतीत काच भाग्यवान आहे. प्रचलित पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के आणि फायबरग्लासच्या भागांतून ३० टक्के घसारा कापला जातो. काचेला घसारा शून्य आहे. गाडी आठ वर्षांची असली तरी नव्या काचेची पूर्ण किंमत धरली जाते. ‘जुन्या गाडीला काय मिळणार’ असे म्हणून दावा सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. कपात होते ती काचेभोवतीच्या रबरावर, आणि पूरक संरक्षण नसेल तर चिकटद्रव्यासारख्या उपभोग्य वस्तूंवर. शिवाय प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम मालकाने स्वतः सोसायची असते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला ती १,००० रुपये, त्यापुढील मोटारीला २,००० रुपये आहे. हप्ता कमी व्हावा म्हणून जादा ऐच्छिक वजावट स्वीकारली असेल तर तीही त्यात मिळवावी.

व्यापाऱ्याने विशेष जपावे असे एक कलम आहे. खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्याने प्रवासी नेणे आणि मालाची वाहतूक करणे या दोन्ही गोष्टी वगळलेल्या असतात. मालाचे नमुने आणि वैयक्तिक सामान तेवढे चालते. चंद्रपूरहून परतताना मागच्या आसनावर दुकानाची पोती किंवा कापडाचे गठ्ठे भरलेले असतील आणि त्याच प्रवासात काच फुटली, तर दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. माल मालवाहू गाडीतून आणावा, आणि त्या गाडीचा परवाना, योग्यता प्रमाणपत्र व चालकाचा परवाना चालू ठेवावा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांचीही एक अडचण होते. गाडी आपल्या नावावर झाली म्हणून विमाही आपोआप नावावर झाला, असे नव्हे. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर जाते. स्वतःच्या नुकसानीचे तसे जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मधील एका निकालात स्पष्ट केले. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज द्यावा.

दावा करावा की खिशातून भरावे

आता खरा हिशेब. वर्षभर दावा न करणाऱ्यास ओन डॅमेजच्या हप्त्यात ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग अनुक्रमे २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. एक दावा झाला की हा बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. काच ६,५०० रुपये, रबर ६००, चिकटद्रव्य ९०० आणि मजुरी १,०००, असे एकूण बिल ९,००० रुपये झाले. रबरावर निम्मा घसारा आणि चिकटद्रव्य अमान्य धरल्यास मान्य रक्कम ७,८०० रुपये. त्यातून १,००० ची वजावट जाता हाती ६,८०० रुपये येतात. बोनसपूर्वीचा ओन डॅमेजचा हप्ता वर्षाला ८,००० रुपये आहे असे धरू.

एका कुटुंबाची गाडी नवी आहे, पहिलेच वर्ष चालू आहे. दावा न केल्यास पुढील पाच नूतनीकरणांत बोनस २०, २५, ३५, ४५, ५० असा मिळाला असता. दावा केल्यास तो ०, २०, २५, ३५, ४५ असा मिळेल. फरकाची बेरीज ५० टक्के, म्हणजे ४,००० रुपये. मिळणार ६,८००, गमावणार ४,०००. येथे दावा करणे हिताचे.

दुसऱ्या कुटुंबाने वर्षानुवर्षे दावा केलेला नाही आणि ते ५० टक्क्यांवर पोहोचले आहे. त्याला दरवर्षी ५० टक्के मिळत राहिले असते. दावा केल्यास ०, २०, २५, ३५, ४५ असे मिळून मगच पुन्हा ५० टक्के. फरकाची बेरीज १२५ टक्के, म्हणजे १०,००० रुपये. गाडी जुनी होते तसा हप्ता घटतो, म्हणून प्रत्यक्ष तोटा याहून काहीसा कमी असेल. तरीही ६,८०० रुपयांसाठी दावा करणे त्या कुटुंबाला परवडणारे नाही. तीच काच कॅमेऱ्याची असून बिल ४०,००० रुपयांचे असेल, तर मात्र दावा अवश्य करावा. विमा त्यासाठीच असतो.

काही कंपन्या थोड्या जादा हप्त्यात बोनस शाबूत ठेवण्याचे पूरक संरक्षण देतात, तर काहींच्या अटींत केवळ काचेच्या दाव्याने बोनस जात नाही. खनिजाच्या ट्रकांमागून रोज गाडी नेणाऱ्याने नूतनीकरणाच्या वेळी हा प्रश्न प्रतिनिधीला विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. बोनस हा गाडीचा नसून मालकाचा असतो. गाडी विकली तरी त्याचे प्रमाणपत्र घेऊन तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येते. मात्र पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास तो बुडतो. शिवाय खंड पडला की कंपनी गाडीची तपासणी करते आणि तेव्हा दिसलेला तडा नव्या पॉलिसीत ‘पूर्वीचे नुकसान’ म्हणून वगळला जातो.

दाव्याची वाट

दावा करायचा ठरल्यास काच बदलण्यापूर्वी कंपनीला कळवावे. प्रचलित पॉलिसीत कंपनीच्या संमतीवाचून करावयाच्या दुरुस्तीची मर्यादा केवळ ५०० रुपये आहे. घाईने काच बदलून मग बिल पाठवणाऱ्यांचे दावे याच मुद्द्यावर अडकतात. कंपनीने दिलेला दावा क्रमांक लिहून ठेवावा, गॅरेजचे अंदाजपत्रक द्यावे आणि सर्वेक्षकाची पाहणी किंवा मोबाइलवरील चित्रीकरण होऊ द्यावे. कंपनीशी संलग्न गॅरेज चंद्रपूर-नागपुरात असेल तर बिल परस्पर भागते. अन्यथा आधी पैसे भरून पावत्यांवर परतावा घ्यावा लागतो. नोंदणी प्रमाणपत्र, चालकाचा परवाना, पॉलिसी, दाव्याचा अर्ज, बिल आणि पावती यांच्या प्रती घरी एका पाकिटात असाव्यात. अहेरीहून एका कागदासाठी दुसरी फेरी मारणे महागात पडते.

या टप्प्यावर एक मोह समोर येतो. ‘काचेबरोबर जुना बंपरही बसवून देतो, एकाच अपघातात दाखवू’ असे कोणी सुचवतो, किंवा आठ महिन्यांपूर्वीच्या तड्याला कालची तारीख द्यावी असे वाटते. प्रत्येक अपघाताचा दावा स्वतंत्र असतो, आणि खोटी माहिती उघड झाल्यास खरा भागही नाकारला जाऊ शकतो. श्रावकाला याहून वेगळे कारण सांगण्याची गरज नाही. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ पूर्वीपासून सांगितलेली आहे. खोटे बिल हे तिचेच आजचे रूप होय.

योग्य दावा नाकारला गेला तर गप्प बसण्याचे कारण नाही. नकाराचे कारण लेखी मागावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ व्यवस्थेत १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

नूतनीकरणाची सूचना आली की बहुतेक घरांत ती न वाचताच रक्कम भरली जाते. दुकानातील दहा रुपयांची उधारीही वहीत लिहिणाऱ्या घराने वर्षातून अर्धा तास या कागदासाठी काढावा. दोन्ही तारखा, बोनसची टक्केवारी, वजावटीची रक्कम आणि पूरक संरक्षणे एका चिठ्ठीवर लिहून ती गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. पुढच्या वेळी आष्टीच्या वाटेवर ‘टक्’ असा आवाज होईल, तेव्हा घरातील गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, मुलगा असो वा सून, काय करायचे ते कोणाला विचारावे लागणार नाही.